धुतलेली पिशवी

पिशवी स्वच्छ होती, हेच मला आधी खटकलं. सिंकखाली कचऱ्याचे चार डबे आहेत, त्यातल्या निळ्या झाकणाच्या डब्यात, म्हणजे सुक्या प्लॅस्टिकच्या, ती घडी घालून ठेवलेली होती. कोपरा कात्रीनं सरळ कापलेला, आतून खळखळून धुतलेली, वाळवलेली आणि मग चारपदरी घडी. हे डबे मीच रिकामे करते. त्यात कोण काय कसं टाकतं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. नवरा सगळं चुरगाळून टाकतो. मुलगी बाटल्यांची झाकणं काढत नाही, कितीही घसा फोडा. ही इतकी सोज्वळ घडी कुणाची ते मला कळेना. उलगडली तर वर हिरवं कुरण, निळं आकाश, आणि मध्ये गाय. गाय चक्क हसत होती. दुधाची पिशवी! माझ्या घरात! मुलगी रांगायला लागल्यापासून या घरात दुधाचा थेंब आलेला नाही. मध आलेला नाही, नवी लोकर आलेली नाही, नवऱ्यानं कमरेचा चामड्याचा पट्टासुद्धा कापडी करून घेतला. आणि कुणीतरी माझ्या नाकावर टिच्चून इथे दूध पीत होतं. वर ती पिशवी धुऊन, वाळवून बरोबर त्याच डब्यात टाकत होतं. चोरी करायची, पण चोरीच्या कचऱ्याचं वर्गीकरण चुकवायचं नाही. शिकवण म्हणतात ती ही. दुसऱ्या कुणाच्या घरात हे घडलं असतं तर मी पोट धरून हसले असते. इथे माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी पिशवी होती तशी परत ठेवली आणि न्याहारीला येऊन बसले. आमच्याकडे पहिले काही घास मौनात खायचे असतात. घास नीट चावायचा, तो कुठल्या मातीतून आला, कुणाच्या हातांनी आला, त्याचा विचार करायचा. हा माझा नियम. तिघंही चावत होती. नवरा लिफ्ट तपासायचं काम करतो, दिवसभर लोखंडी दोर आणि ग्रीस, पण माझ्या टेबलाशी आला की चेहरा असा साळसूद करतो की बघत राहावं. मुलगी डोळे मिटून चावत होती, भक्तिभावानं. आणि खिडकीपाशी माई. माझी आई. तिच्या कपातून वाफ येत होती आणि ती बाहेर बघत होती. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कोण? नवऱ्याचा संशय पहिला, कारण नवऱ्याचाच असतो. पण हा माणूस कोपरा सरळ कापणार? यानं आयुष्यात कधी पाकीट दातांशिवाय उघडलेलं नाही. मुलीवर तर माझा जिवापाड विश्वास. शाळेत वासरांवर भाषण करून बक्षीस आणलेली मुलगी ती, आमची चिमी. माईचा मी विचारही केला नाही. माई धड जिना उतरू शकत नाही, तिला कोण पिशवी आणून देणार! मौन संपल्यावर नवरा म्हणाला, "काय गं, आज अशी बघतेयस?" मी म्हटलं, "काही नाही. सजग राहतेय." तो लगेच पाव चावायला लागला.

माईला मी भांडून आणलीय. हिवाळ्यात ती पडली, खुब्याचं हाड जोडावं लागलं, आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच माझी नि दादाची जुंपली. दादा म्हणाला, "तू सांभाळणार? पालापाचोळा खायला घालून?" मी म्हटलं, "तुझ्याकडे टीव्हीसमोर बसवून ठेवशील तिला. माझ्याकडे माणसासारखी राहील." माई पलंगावरून ऐकत होती. म्हणाली, "मी हिच्याकडे जाते." दादाचं तोंड इतकंसं झालं, आणि मला जो आनंद झाला तो मी दाखवला नाही. लहानपणापासून ती माझ्या वाट्याला कमी आली होती, असं मला कायम वाटत आलेलं. तर, ती आली. पहिल्या सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, "दूध आहे ना गं?" मी म्हटलं, "आहे की." आणि ओट्स भिजवून, वाटून, गाळून केलेलं माझं ते पांढरं पाणी स्टीलच्या भांड्यातून तिच्या कपात ओतलं. का म्हटलं असं? सरळ सांगता आलं असतं, माई, आमच्याकडे दूध नसतं. पण ती आजारातून उठलेली, आणि मला तिचा नकार नको होता. तिनं घोट घेतला, जरा वेळ तोंडात ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "छान आहे हो." बस्स. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला दूध म्हणायचं ठरलं. मुलीलाही मी बजावलं, माईआजीसमोर दूधच म्हणायचं. मुलीनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं होतं. मी मनाशी म्हटलं, दूध म्हणजे तरी काय, पांढरं असतं, कोमट असतं, चहात पडतं. हे मी. खोटं बोलणाऱ्या पाकिटांबद्दल कंपन्यांना पत्रं लिहिणारी मी.

पण माई वाळत चालली. आधी मनगटं, मग गाल. डॉक्टरांनी वजन काट्यावर उभं करून भुवया वर केल्या आणि दादाला कोण जाणे कुणी कळवलं. वीसेक दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. या वेळी तो ओरडला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "महिनाअखेरच्या रविवारी येतो. डॉक्टरकडे घेऊन जाऊ. वजन वाढलं नसेल तर मी तिला नेणार. वाद नको." आज त्याच्या आधीचा शुक्रवार होता. मी डाळी वाढवल्या होत्या, बदाम वाटत होते, तिळाची पेस्ट पावावर थापत होते. माई सगळं मुकाट्यानं खायची, थोडं खायची. आणि गेला आठवडाभर तिच्या गालावर मला जरा रंग दिसत होता. बदामांनी केलं, असं मी नवऱ्याला सांगितलंही होतं. तो म्हणाला, "हो ना, बदामच ते." आता आठवतं, हे म्हणताना तो बूट घालायला खाली वाकला होता.

कामावर गेले. माझं काम आवाजाचं. लोक फोनवर एक अ‍ॅप लावून झोपतात, चालतात, श्वास घेतात, त्यातला बाईचा आवाज माझा. स्टुडिओ म्हणजे एक अरुंद खोली, भिंतींना राखाडी फोम, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला, डोक्याला टक्कल आणि तोंडात सदा लवंग. त्या दिवशीचा मजकूर होता, "जे आहे, ते जसं आहे तसं पाहा. त्याला चांगलं म्हणू नका, वाईट म्हणू नका." मी म्हटलं. त्यानं काचेतून मान हलवली. परत म्हटलं. परत मान हलवली. चौथ्या वेळी त्यानं बटण दाबलं आणि कानात म्हणाला, "मॅडम, आज आवाजाला दात आलेत." मी पाणी प्यायले, खांदे सैल सोडले, पोटातून श्वास घेतला, हे सगळं मीच लोकांना शिकवते, आणि पाचव्यांदा "वाईट म्हणू नका" म्हणताना मला स्वतःलाच ऐकू आलं. घरी मी मुलीला नळ बंद कर म्हणते ना, तोच आवाज. घरात माझे दोन आवाज आहेत, असं मुलगी म्हणते, एक अ‍ॅपवाला आणि एक खरा. "आई, अ‍ॅपवाला काढू नको हं, त्याची जास्त भीती वाटते." आम्ही दोघी खूप हसलो होतो त्यावर. निदान मी तरी. रेकॉर्डिंगवाल्यानं दिवे मालवले. "घरी जा. उद्या करू." शहाणा माणूस, कारण विचारलं नाही.

चालतच निघाले. मी बहुतेक चालतच जाते, धूर नको म्हणून. पुलाखाली पाणी संथ होतं आणि काठाला कुणीतरी टाकलेलं फर्निचर कुजत पडलं होतं. मला आमच्या जुन्या घरामागचा गोठा आठवला. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिथल्या गाई दिसायच्या, त्यातली एक कपाळावर पांढरा ठिपका असलेली. एक दिवस टेम्पो आला आणि तिचं वासरू घेऊन गेला. मग ती ओरडायला लागली. दुपारभर. ओरडणं असं, की खिडकीची काच थरथरत होती, की मलाच तसं वाटत होतं, आता सांगता येत नाही. मी आठेक वर्षांची असेन. माईला विचारलं, "ती का ओरडतेय?" माई कपडे पिळत होती. मागे न वळता म्हणाली, "ओरडत नाही गं. गातेय ती. तू जेव." आणि मी जेवले. दूधही प्यायले. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं, आमच्या मागची गाय गाते. वर्ग खदाखदा हसला आणि एका मुलानं मला खरं काय ते सांगितलं. घरी येऊन मी माईशी बोलले नाही, पण दूध पीतच राहिले. ते फार नंतर सुटलं. मुलगी झाली, रजा संपली, मी कामावर परत आले, आणि एका बैठकीत कुणाचं तरी बाळ फोनवर रडलं आणि माझ्या अंगावरचा कुर्ता दोन्हीकडून भिजला. बाथरूममध्ये उभं राहून मी दूध पिळून सिंकमध्ये सोडत होते, छाती दगड झाली होती, नि तोंडातून जो आवाज निघत होता तो मी ओळखला. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. लोकांना मी पाण्याचे, जमिनीचे, धुराचे आकडे सांगते, आकडे सांगायला लाज वाटत नाही. पण खरं कारण ते एवढंच. आणि मी चूक नव्हते. आजही नाही. त्या गाईचं काय झालं ते मला माहीत आहे, आणि पिशवीवरची गाय हसत नसते. मग घरात सगळे मला का फसवतात? इतकं करून मला काय मिळालं, तर एक घडी घातलेली पिशवी!

आमच्या इमारतीच्या जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई भेटल्या. निवृत्त आहेत, दार सदा उघडं ठेवून बसतात. मला बघितल्याबरोबर उठल्या, "बरं झालं बाई भेटलात! लेक तुमची आज क्लासहून उशिरा येणार म्हणाली. मला गुडघ्यामुळे वर चढवत नाही. हे घ्या, तुम्हीच द्या त्यांना." आणि फ्रीजमधून काढून माझ्या हातात ठेवली. गार, गुबगुबीत, वर हसणारी गाय. मी ती उलटीसुलटी करून बघितली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला... मला वाटलं, आता माहीत झालं असेल." मी अ‍ॅपवाला आवाज काढला. "कधीपासून?" "झाले की पंधरा-वीस दिवस. तुमचे मिस्टर पैसे देतात, लेक घेऊन जाते, माझ्या फ्रीजमध्ये ठेवायचं फक्त." मी म्हटलं, "म्हणजे सगळी इमारत यात आहे." "रागावू नका हो. त्या मागत नव्हत्या. लेकच तुमची रडत आली माझ्याकडे, आजी वाळली म्हणून. आणि त्यासुद्धा कशाला घेतायत? चोरून दूध प्यायची हौस आहे का या वयात? तो तुमचा भाऊ नेणार ना त्यांना, वजन वाढलं नाही तर. त्यांना जायचं नाहीये. मला म्हणाल्या, लेकीकडेच राहायचंय, तेवढ्यासाठी नाक दाबून पिते." मी म्हटलं, "नाक दाबून का?" "आता सवय राहिली नाही म्हणाल्या. आणि भीती. मुलगी जरा कडक आहे, म्हणाल्या. कौतुकानं म्हणाल्या हो!"

जिना चढताना ती पिशवी माझ्या हाताला ओली लागत होती. म्हणजे माईला पहिल्या घोटालाच कळलं होतं. कळणारच. तिनं आयुष्यभर चहा केला. "छान आहे हो" म्हणाली ती माझ्यासाठी, आणि इतके महिने रोज म्हणत राहिली. आणि आता माझ्याजवळ राहता यावं म्हणून मला चोरून, नातीच्या मदतीनं, भिंत धरून मोरीत उभी राहून पिशव्या धूत होती; आधीच्या मुलीनं परस्पर बाहेर नेल्या असणार, ही एक डब्यात राहिली. चारपदरी घडी! तिचे हातरुमाल, तिच्या उशांचे अभ्रे, सगळं चारपदरीच असतं, मला सकाळीच ओळखायला हवी होती ती घडी. मला बाथरूममधलं वाळूचं घड्याळ आठवलं. आंघोळीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते लावलंय, वाळू पडली की नळ बंद. एकदा माई आतून म्हणाली होती, "वाळू संपली गं, साबण राहिलाय अंगाला, काय करू?" विचारत होती! आणि मी बाहेरून म्हटलं होतं, "आज घे थोडं जास्त." परवानगी दिली होती. त्या दिवशी मला स्वतःचं किती कौतुक वाटलं होतं!

घरात ती एकटीच होती, तिच्या खोलीत, दार लोटलेलं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. ठरवलं होतं, आता एक शब्द बोलायचा नाही, रागवायचं नाही, फक्त तिला तिचं दूध द्यायचं, माझ्या हातानं, उघडपणे. एवढं केलं की सगळं मिटेल, ती राहील. कात्रीनं कोपरा कापला. पातेल्यात ओतलं तेव्हा तो वास आला, जड, गोडसर, आणि काय सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लगेच शिसारी आली, दुधाची की स्वतःची कोण जाणे. गॅसपुढे उभी राहिले. ओट्सचं ते उतू जात नाही, ते तळाला लागतं, त्यामुळे इतक्या वर्षांत मी दुधावर लक्ष ठेवायचं विसरून गेले होते. एकदम फसफसून वर आलं आणि शेगडीभर झालं. करपल्याचा वास घरभर सुटला. मी पुसलं, उरलेलं कपात ओतलं, वर साय धरायला लागली होती, आणि तिच्या खोलीत गेले.

माई पलंगाच्या कडेला ताठ बसली होती. वास तिच्यापर्यंत पोचला होता, तोंड बघूनच कळत होतं. "आज लवकर आलीस?" ती म्हणाली. मी कप पुढे केला. "घे." "काय गं हे?" "दूध." "हो," ती म्हणाली आणि हात मांडीवरच ठेवले. "माई, दूध आहे." "हो गं, दूधच. मी कुठे नाही म्हणते? तू रोज देतेसच की." मी म्हटलं, "तसं नाही. खरं दूध." "तू देतेस ते खरंच असतं," ती घाईघाईनं म्हणाली.  माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता. होता तो एक, आणि तो मीच इतके महिने पाण्यात कालवून तिला पाजला होता. "गाईचं," मी म्हटलं. तिचे ओठ बारीक झाले. "मला नको ते. मी नाही हो पीत तसलं. मला तुझंच आवडतं, सवय झालीय. आणि हे बघ, चिमीला काही बोलू नकोस, ती लहान आहे, तिला कुणी काही सांगितलं असेल तर ती आपली..." तिला वाटत होतं मी परीक्षा घेतेय. मी पुराव्यानिशी पकडायला आलेय तिला. मी म्हटलं, "कुणी रागावलेलं नाही, माई. तू घे." "नको गं." "घे ना, तुझ्यासाठी तापवलंय." "अगं खरंच नको, तू कशाला उगाच..." आणि मग माझ्या तोंडून ते गेलं, खऱ्या आवाजात, सगळ्या दातांसकट, "पी म्हणते ना!"

माईनं कप घेतला आणि प्यायली. एका दमात. डोळे मिटून, लहान मूल औषध पितं तशी. ते चटका बसेल इतकं कढत होतं, मला माहीत होतं, मी नुकतंच ओतलं होतं, आणि तिनं मध्ये थांबून फुंकरसुद्धा मारली नाही. साय तिच्या वरच्या ओठाला चिकटली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पदरानं टिपलं, आधी डोळे, मग ओठ. म्हणाली, "छान होतं हो." मग उठली, भिंत धरत धरत माझ्या बाजूनं स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले. ओट्यावरची रिकामी पिशवी तिनं घेतली, नळ बारीक सोडला, अगदी बारीक, पाणी वाया जाऊ नये इतका, आणि ती पिशवी धुवायला लागली. मी म्हटलं, "राहू दे माई, मी करते." "झालंच," ती म्हणाली. चिमटा लावून पिशवी खिडकीतल्या दोरीवर अडकवली. या वेळी उजेडात, सगळ्यांना दिसेल अशी.

मग ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. फोन कानाला लावला की माई मोठ्यानं बोलते, पलीकडच्याला ऐकू जाणार नाही असं तिला वाटतं. "दादा, अरे रविवारपर्यंत कशाला, उद्याच ये. ... नाही, नाही, वजन वाढलंय की. चांगलं वाढलंय. तिनं खूप केलं माझं. ... मलाच जरा बदल हवाय. ... नाही रे, भांडण कसलं!" त्यानंतर कपाट उघडल्याचा आवाज आला. मी ओट्याला टेकून उभी होते. शेगडीखाली सांडलेलं दूध ओघळून फरशीवर येत होतं, ते पुसायला वाकले आणि मला वर उठताच येईना. तोंडातून जे निघालं ते मला आवरता आलं नाही, आवरायचं शिकवते मी लोकांना, पण नाही आलं. फडकं तोंडात कोंबलं तरी ते निघतच होतं. जिन्यात पावलं वाजली. कुलपात किल्ली फिरली. मुलगी आली होती. एकच चप्पल काढल्याचा आवाज आला. मग तिनं दबक्या आवाजात आत विचारलं, "माईआजी, आई का ओरडतेय?"

दाराआड कपड्यांच्या घड्या घातल्या जात होत्या. माईनं हातातलं काम थांबवलं नाही.

"ओरडत नाही गं," ती म्हणाली. "गातेय ती. तू जेवून घे."